जमिनीपासून पंचाहत्तर सेंटिमीटर

क्षिप्रा गावंडे हिला दिल्लीत येऊन तेरा वर्षे झाली. त्यांतली पहिली सहा वर्षे प्रशासकीय सेवेच्या परीक्षांत गेली आणि पुढची सात धूळ मोजण्यात. ती एका सरकारी संशोधन संस्थेत कंत्राटी शास्त्रज्ञ आहे. लहान कारखान्यांच्या हवेत किती धूळ तरंगते आणि ती कामगारांच्या छातीत किती उतरत असेल, हे पाहणे तिचे काम. गुरुग्रामला एका इमारतीच्या नवव्या मजल्यावर नवरा साकेत आणि पाच वर्षांची मुलगी पूर्वी यांच्यासह ती राहते. साकेत मूळचा पुण्याचा, एका संगणक कंपनीत नोकरीला. घरात मराठी बोलली जाते. मात्र पूर्वीला ‘शिंकाळे’ म्हणजे काय हे चित्र काढून दाखवावे लागते.

क्षिप्रा मंगरूळपीरची. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. अमरावतीला रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून ती दिल्लीस आली ती जिल्हाधिकारी होण्यासाठी. दोनदा मुलाखतीपर्यंत पोहोचली. दुसऱ्या खेपेस मंडळातील एका सदस्याने विचारले, धरणासाठी गाव उठवणे योग्य की अयोग्य? क्षिप्राच्या आईचे माहेर धरणाच्या पाण्याखाली गेलेले. ती चटकन ‘अयोग्य’ म्हणाली आणि पुढची दोन मिनिटे ते का अयोग्य हे सांगत राहिली. अंतिम यादीत तिचे नाव आले नाही. मुलाखतीत गुण का कमी पडले, याचे कारण कोणी कळवत नसते. तिला ते मुरलीधर टिपणीस यांनी सांगितले.

टिपणीस केंद्र सरकारातून अवर सचिव म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ. राहायला अजून आर. के. पुरमच्या सरकारी वसाहतीतच, क्वार्टर आता मुलीच्या, अक्षयाच्या, नावावर आहे, कारण तीही केंद्र सरकारात आहे. दर रविवारी सकाळी साडेनऊला ते महाराष्ट्रातून आलेल्या परीक्षार्थींची सराव-मुलाखत घेतात. जेवणाच्या टेबलाच्या एका बाजूला चार खुर्च्या, दुसऱ्या बाजूला एक. चार खुर्च्यांत स्वतः टिपणीस आणि त्यांच्याच वयाचे तीन निवृत्त अधिकारी. फी नाही, पण उशीर केलेल्याला आत घेत नाहीत. त्यांचे नियम पाठ करण्याजोगे आहेत. उत्तर नव्वद सेकंदांच्या आत संपले पाहिजे. ठाऊक नसेल तर तसे लगेच सांगावे. आणि वादाचा प्रश्न आला तर आधी एक बाजू मांडावी, मग दुसरी, शेवटी मधला मार्ग सुचवून थांबावे.

“तू बाजू घेतलीस,” निकालानंतर ते क्षिप्राला म्हणाले होते. “बाजू घेणारा माणूस मंडळाला धोक्याचा वाटतो. तुझं म्हणणं बरोबर होतं की चूक, हा प्रश्नच नाही.”

हे तिला इतके पटले की परीक्षा सुटली, नोकरी लागली, लग्न झाले, मूल झाले, तरी सवय राहिली. साकेत तिची थट्टा करी.

“यार, मी हिला विचारतो, आज डाळ करायची की भाजी? ही आधी डाळीचे फायदे सांगते, मग भाजीचे. मग म्हणते, समतोल आहाराच्या दृष्टीने विचार व्हावा. मी तोवर खिचडी टाकतो.”

क्षिप्रा हसे, पण उत्तर देण्याची तिची पद्धत बदलली नाही. तिचे इंग्रजीही त्याच टेबलावर घडलेले होते. व्याकरण निर्दोष, वाक्य पूर्ण, आणि वाक्याच्या आत माणूस कुठे दिसायचा नाही.

तिच्या संशोधनाची सुरुवात पानिपतला झाली. परदेशातून गठ्ठ्यांनी येणारे जुने कपडे तिथे फाडून, पिंजून त्यांचे पुन्हा सूत करतात आणि त्या सुताच्या घोंगड्या विणतात. पिंजण्यापूर्वी कपड्यांची बटणे, चेन, शिवणीतल्या पट्ट्या काढाव्या लागतात. ते काम बायका करतात. शेडमध्ये चिंध्यांच्या ढिगाभोवती त्या जमिनीवर बसतात, समोर विळीसारखे उभे पाते, आणि दिवसभर कपडा पात्यावर ओढत राहतात. क्षिप्राने पहिल्या खेपेस पुस्तकात सांगितल्याप्रमाणे यंत्र तिकाटण्यावर, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर बसवले. यंत्र हवा ओढते, धूळ गाळणकागदावर साचते, कागद आधी आणि नंतर तोलायचा. एवढीच त्याची रीत. कमलेश नावाची एक पन्नाशीची बाई हे सगळे पाहत होती. दुपारी भाकरी सोडताना ती म्हणाली,

“मैडम, आपकी मशीन तो खड़ी है. साँस तो हम बैठ के लेते हैं.”

क्षिप्राने दुसऱ्या दिवशी एका तिकाटण्याचे पाय कापून घेतले. बसलेल्या बाईचे नाक जमिनीपासून सुमारे पंचाहत्तर सेंटिमीटरवर येते, ते तिने वीस बायकांचे मोजून पाहिले. त्यानंतर चार वर्षे, चौदा शेडमध्ये, दोन यंत्रे शेजारी शेजारी ठेवून ती मोजत राहिली. पहाटेची गाडी पकडून पानिपतला जायचे आणि दिवेलागणीला परतायचे. निष्कर्ष एका वाक्यात मावणारा होता: उभ्या माणसाच्या नाकाशी जेवढी धूळ, तिच्या जवळजवळ दुप्पट बसलेल्या माणसाच्या नाकाशी.

याच सुमारास नऊ देशांच्या शास्त्रज्ञांचा एक कार्यगट कापडाच्या पुनर्वापराच्या कारखान्यांसाठी धूळ मोजण्याची सामायिक पद्धत ठरवत होता. मसुद्याच्या सातव्या कलमात यंत्राची उंची दीड मीटर लिहिलेली होती. गटाचे प्रमुख डेन्मार्कचे डॉ. लिंडहोल्म. त्यांच्याकडचे कामगार टेबलापाशी उभे राहून कपडे निवडतात, त्यामुळे दीड मीटर त्यांच्यापुरते योग्यच होते. मसुद्यावर शेवटचा हात मानेसरच्या एका हॉटेलात भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय परिषदेत फिरायचा होता, दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता. एकदा ठरलेली पद्धत दहा वर्षे बदलत नाही. कलम सात तसेच राहिले असते, तर कमलेशच्या शेडची हवा पुढची दहा वर्षे कागदोपत्री चांगली ठरली असती, कारण ती जिथे श्वास घेते तिथे कोणी मोजलेच नसते.

त्याच दिवशी सकाळी क्षिप्राचे भाषण होते. बारा मिनिटे बोलायचे, तीन मिनिटे प्रश्न. परदेशी श्रोत्यांसमोर ती प्रथमच उभी राहणार होती; आजवर तिचे विभागप्रमुख जात, ते नुकतेच निवृत्त झाले होते. तिने तयारीसाठी टिपणीसांना फोन केला.

“काका, पुन्हा एकदा टेबलावर बसवाल का मला?”

“रविवारी नऊ पंचवीसला ये,” ते म्हणाले.

चार रविवार सराव झाला. टिपणीसांनी घड्याळ लावून तिच्याकडून भाषण अकरा वेळा म्हणवून घेतले. इंग्रजी उच्चार तपासले, हात कुठे ठेवायचे ते सांगितले, अपेक्षित प्रश्नांची यादी केली. धुळीतले त्यांना काही कळत नव्हते आणि ते तसे प्रांजळपणे कबूल करीत. “मला शास्त्र कळत नाही,” ते म्हणत, “पण प्रश्न विचारणारा माणूस कळतो.”

भाषणाच्या दिवशी ते मानेसरला स्वतः आले. साकेतने गाडीतून दोघांना हॉटेलच्या दारात सोडले आणि तो कामावर गेला. टिपणीस गळ्यात पाहुण्याचा बिल्ला घालून चौथ्या रांगेत बसले.

भाषण अकरा मिनिटे चाळीस सेकंदांत झाले. कुठे अडखळले नाही. आलेख स्वच्छ होते, बसलेल्या बायकांचे छायाचित्र पडद्यावर आले तेव्हा सभागृहात थोडी हालचालही झाली. मग डॉ. लिंडहोल्म उभे राहिले. साठीचा, उंच, किंचित वाकलेला माणूस. त्यांनी इंग्रजीत सावकाश विचारले,

“आपली मापने मी लक्षपूर्वक पाहिली. आमच्या मसुद्यात दीड मीटर आहे. आपल्या मते ते चूक आहे का?”

प्रश्न सरळ होता. क्षिप्राने पाठ ताठ केली, अध्यक्षांकडे पाहिले आणि उत्तर दिले. दीड मीटर उंचीचा लाभ असा की वेगवेगळ्या देशांच्या मापनांची तुलना करता येते. पंचाहत्तर सेंटिमीटरचा लाभ असा की स्थानिक वास्तव लक्षात येते. दोन्ही दृष्टिकोनांना आपापले महत्त्व आहे. स्थानिक गरजा ध्यानात घेऊन समतोल मार्ग काढणे उचित ठरेल.

“म्हणजे आपण बदल सुचवत नाही,” लिंडहोल्म म्हणाले. त्यात टोमणा नव्हता; ते खात्री करून घेत होते. क्षिप्राची मान सवयीने होकारार्थी हलली आणि तेवढ्यात घंटा झाली. अध्यक्षांनी आभार मानले आणि पुढच्या वक्त्याचे नाव पुकारले.

टिपणीस चौथ्या रांगेतून टाळ्या वाजवत होते. ती जवळ आल्यावर हळूच म्हणाले, “नव्वद नाही, ऐंशी सेकंद. मंडळ अगदी खूश.”

क्षिप्राही खूश होती. जेवणाच्या सुट्टीपर्यंत होती.

जेवताना वल्लरी सहस्रबुद्धे शेजारी येऊन बसली. ती परिषदेच्या कामकाजाची टिपणे घेणारी. मूळची मुंबईची, दिल्लीतच पीएच.डी. करणारी.

“क्षिप्राताई, एक विचारू? तुम्ही तुमच्याच आकड्यांवर पाणी का सोडलंत?”

“पाणी? कुठे सोडलं?”

वल्लरीने लॅपटॉप वळवला. चार वाजताच्या बैठकीची टिपणी तयार होती. कलम सात, मापनाची उंची. शेरा: पानिपत येथील मापने सादर झाली, सादरकर्तीने मसुद्यात बदल सुचवलेला नाही, कलम आहे तसे मंजुरीसाठी.

“मी असं कुठे म्हटलं?”

“बिल्कुल म्हटलंत. ते म्हणाले, बदल सुचवत नाही, आणि तुम्ही मान हलवलीत. मी तेच लिहिलं.” वल्लरीने घास घेतला. “लिंडहोल्म सर तर कॉफी घेताना म्हणत होते, आकडे भक्कम दिसतात, पण मोजणाऱ्या बाईलाच त्यांची खात्री नाही.”

क्षिप्राने ताट बाजूला सारले. टिपणीस समोरच बसून शेवग्याच्या शेंगा एकेक करून संपवत होते.

“काका, ऐकलंत?”

“ऐकलं. टिपणी अपुरी आहे. तू समतोल मार्ग म्हणालीस, ते यायला हवं होतं.”

“समतोल कशाचा? बाई एक तर बसलेली असते किंवा उभी असते.”

“अगं, तू त्यांना तोंडावर चूक म्हणायला हवं होतंस का? पन्नास माणसांत? त्यांचाच मसुदा!”

“त्यांनी तेच तर विचारलं होतं. चूक आहे का, म्हणून.”

“विचारतात. मंडळही विचारतं. म्हणून काय…”

“काका, ते मंडळ नव्हतं. त्यांना माझी निवड करायची नव्हती. मी समजूतदार आहे की नाही, याच्याशी त्यांना काय करायचंय? त्यांना फक्त आकडा खरा की खोटा, एवढंच हवं होतं. आणि मी त्यांना माझी वागणूक दाखवत बसले.”

टिपणीसांनी शेंग ताटात ठेवली. इतक्या वर्षांत त्यांच्या टेबलावरून उठून गेलेल्यांपैकी कोणी त्यांना असे म्हटले नव्हते, आणि हे उर्मटपणातून आलेले नाही हेही त्यांना समजत होते. शेवटी ते वल्लरीकडे वळले आणि त्यांनी आपल्या आयुष्याला शोभेल असा प्रश्न विचारला.

“मसुदा मंजूर होण्यापूर्वी लेखी दुरुस्ती देता येते का? कामकाजाचे काही नियम असतीलच ना तुमचे?”

“आहेत. कोणताही वक्ता देऊ शकतो. एक पान, सही करून, साडेतीनपर्यंत माझ्याकडे.” वल्लरीने घड्याळ पाहिले. “दोनला दहा कमी आहेत.”

तिघे कोपऱ्यातल्या टेबलावर गेले. टिपणीसांनी सवयीने मजकूर सांगायला सुरुवात केली: “यद्यपि प्रचलित उंचीचे महत्त्व निर्विवाद असले…” क्षिप्राने लिहिले नाही. ते थांबले, आणि तेवढ्यात त्यांना दुसरेच आठवले.

“थांब. तू कंत्राटी आहेस. संस्थेच्या परवानगीशिवाय बाहेरच्या गटाला सहीनिशी मत द्यायचं नाही, असा नियम असणार तुमच्याकडे.”

“आहे.”

“आणि कंत्राट?”

“मार्चमध्ये संपतं.”

“मग संचालकांना फोन कर.”

तिने केला. संचालक विमानात होते, सहापर्यंत लागणार नव्हते. दुसऱ्या कोणाला परवानगी देण्याचा अधिकार नव्हता.

“अशा वेळी मी फाइल पुढे पाठवली नसती,” टिपणीस म्हणाले. “तुला खोटं सांगत नाही. छत्तीस वर्षांत एकदाही पाठवली नाही.”

“मला माहीत आहे, काका.”

तिने कागद ओढला आणि इंग्रजीत सहा वाक्ये लिहिली. जिथे कामगार जमिनीवर बसून काम करतात, तिथे दीड मीटरवरचे मापन चुकीचे आहे. चौदा शेडमधली मापने मी स्वतः घेतली आहेत. प्रत्येक मापनाचा कागद आणि नोंद तपासणीस उपलब्ध आहे. कलम सातमध्ये बसलेल्या कामगारांसाठी पंचाहत्तर सेंटिमीटर ही उंची घालावी, असा माझा प्रस्ताव आहे. शेवटच्या दोन वाक्यांत तिने सकाळचे उत्तर मागे घेतले. टिपणीसांनी पान वाचले. दुरुस्ती एकही केली नाही. फक्त सहीखाली तारीख राहिली होती ती दाखवली.

चारच्या बैठकीला चौदा सदस्य होते. लिंडहोल्मनी पान मोठ्याने वाचले आणि चष्मा काढला.

“सकाळी आपण वेगळे म्हणालात.”

“सकाळी मी उत्तर टाळले,” क्षिप्रा म्हणाली. “आता देते. चूक आहे.”

“खालची धूळ झाडूमुळे उडालेली असू शकते. झाडताना मोजले तर आकडा वाढणारच.”

“झाडू सकाळी आठला आणि सायंकाळी पाचला फिरतो. माझी यंत्रे दहा ते दोन चालू होती. प्रत्येक दिवशी मी तिथेच बसले होते.”

“जमिनीवर?”

“जमिनीवर. खुर्च्या नाहीत तिथे.”

एका इटालियन सदस्याने आणखी दोन प्रश्न विचारले. एकाचे उत्तर तिच्याकडे होते. दुसरा हिवाळ्यातल्या दमट हवेसंबंधी होता. तेवढी मापने पुरेशी नाहीत, असे तिने लगेच सांगितले. बैठकीने निर्णय केला तो असा: कलम सात मंजूर करू नये, ते तीन महिन्यांसाठी बाजूला ठेवावे, गटाच्या प्रमुखांनी पानिपतला जाऊन स्वतः मोजावे आणि मग कलम लिहावे. क्षिप्राचा प्रस्ताव ना स्वीकारला गेला ना फेटाळला.

अकराव्या दिवशी संस्थेकडून तिला पत्र आले. पूर्वपरवानगीविना लेखी मत का दिले, याचा खुलासा सात दिवसांत करावा. तिने खुलाशात घडले ते वेळेसह लिहिले आणि ‘नियम माहीत होता’ हेही लिहिले. मार्चमध्ये कंत्राट वर्षाऐवजी सहा महिन्यांसाठी वाढवण्यात आले. टिपणीसांच्या मते हे स्वस्तात सुटणे होते. साकेतच्या मते हा निव्वळ अन्याय होता. क्षिप्राने सहा महिन्यांत होण्याजोग्या कामाचे वेळापत्रक तयार केले.

आर. के. पुरमचे टेबल अजून चालू आहे. मधल्या मार्गाचा नियमही टिपणीसांनी सोडलेला नाही; परीक्षेला तोच उपयोगी पडतो, असे त्यांचे मत कायम आहे. फक्त कोणी विज्ञानाच्या परिषदेची तयारी करून घ्या म्हणून आले, तर ते नकार देतात आणि क्षिप्राचा फोन नंबर देतात.

कंत्राट वाढण्याआधीच, फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात, डॉ. लिंडहोल्म पानिपतला आले होते. स्वतःची दोन यंत्रे, स्वतःचे गाळणकागद आणि वजनाचा सूक्ष्म तराजू त्यांनी बरोबर आणला होता. क्षिप्राचे काही वापरणार नाही, असे आधीच कळवले होते, आणि तिलाही तेच हवे होते. शेडच्या मालकाने त्यांच्यासाठी कुठूनशी प्लास्टिकची खुर्ची आणवली. त्यांनी ती नाकारली. गुडघ्यांना हात देत ते चिंध्यांच्या ढिगाशेजारी टेकले आणि दहा ते दोन तिथेच राहिले. बायकांनी पहिला अर्धा तास पदराआड हसून घेतले आणि मग त्या आपल्या कामाला लागल्या. दुपारनंतर ते एकसारखे खोकत होते. कमलेशने त्यांना गूळ दिला. गुळाने घशातली धूळ उतरते असे इथे मानतात, हे क्षिप्राने इंग्रजीत समजावून सांगितले.

असे चार दिवस झाले. शेवटच्या सायंकाळी हॉटेलच्या खोलीत तराजू मांडून त्यांनी आठ कागद तोलले. उभ्या यंत्राचे चार, बुटक्या यंत्राचे चार. क्षिप्रा दाराशी उभी होती. तराजूजवळ कोणी हलू नये म्हणून त्यांनीच तिला तिथे थांबायला सांगितले होते. बुटक्या यंत्राच्या कागदांचे वजन त्यांनी तीनदा केले. मग आकडे एकाखाली एक लिहिले, भागाकार केला आणि तिला जवळ बोलावून तो कागद तिच्याकडे सरकवला. एक पूर्णांक आठ. तिच्या आकड्यापेक्षा किंचित कमी.

“हिवाळ्याची दमट हवा,” ते म्हणाले. “ती मापने आपण करायला हवीत.”

“डिसेंबरमध्ये करता येतील,” क्षिप्रा म्हणाली.

त्यांनी मसुदा उघडला आणि कलम सातमध्ये दीड मीटरच्या खाली दुसरी ओळ लिहायला घेतली.